वाचापटाची दुसरी प्रत

त्या संध्याकाळी भूपाल मगदुमांनी गच्चीवरून अशी हाळी दिली, की मिरजेतल्या त्या गल्लीतली माणसं दारात आली.

"आऽऽली रे आली, तांबड्या मातीतली जोड आऽऽली!"

समोरच्या बेडगे काकू हातात लाटणं घेऊनच बाहेर आल्या. "अण्णा, तुम्ही ओरडला व्हय?"

"मग काय, तुमचा कुकर ओरडला?" अण्णा म्हणाले आणि अर्ध्या तोंडानं हसले. उरलेलं अर्धं तोंड तीन वर्षांपासून हलत नव्हतं.

त्यांची सून पद्मजा जिन्यात उभी होती. तिला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही.

अण्णा कुस्तीचे निवेदक. ऐन उमेदीत कृष्णाकाठच्या कुठल्याही गावचं मैदान त्यांच्यावाचून रंगत नसे. हलगीवाला दमायचा, अण्णा दमायचे नाहीत. मग अर्धांगाचा झटका आला. ज्या माणसानं अख्खं मैदान एका शब्दावर उठवलं आणि बसवलं, त्याला पाणी हवं असलं की पेला वाजवावा लागू लागला. दीड वर्षापूर्वी वाचायंत्र बसलं तेव्हा अण्णा पुन्हा बोलू लागले. पण सपाट, एका पट्टीत, बातम्या वाचल्यासारखं. लांबवलेली, चढत जाणारी हाळी काही यंत्राला उमगत नव्हती. अण्णा रोज संध्याकाळी गच्चीवर जायचे, प्रयत्न करायचे आणि मान हलवत खाली यायचे. आज ती जमली होती.

"पद्मा," जिना उतरताना ते म्हणाले, "तुझ्या त्या कोठारात नीट ठेव हां ही. लई मेहनतीनं आलीया."

"ठेवते, अण्णा," पद्मजा म्हणाली.

हे कोठार म्हणजे काय, ते सांगायला हवं.

झटक्यानं अण्णांचा हुकूम देणारा मेंदू शाबूत राहिला होता. जीभ, ओठ आणि घशापर्यंत हुकूम नेणारी वाट तुटली होती. वाचायंत्राची कल्पना अशी, की वाट तुटली असेल तर हुकूम उगमापाशीच ऐकावा. मेंदूच्या त्या भागावर नखाएवढी, केसाहून बारीक तारांची जाळी बसवतात. माणूस 'पाणी' म्हणायला जातो तेव्हा तिथं विजेची जी चाहूल उठते, ती जाळी टिपते. कानामागची डबी तिचा अर्थ लावते आणि गळ्याशी बसवलेला छोटा स्पीकर तो शब्द त्या माणसाच्या जुन्या आवाजात उच्चारतो.

पण अण्णांच्या डोक्यात 'प' जसा उठतो तसा दुसऱ्याच्या डोक्यात उठत नाही. कुठली चाहूल म्हणजे कुठला ध्वनी, हे प्रत्येकाबाबत वेगळं शिकावं लागतं. आणि हे शिकणं एकतर्फी नसतं. यंत्र माणसाला ओळखू लागतं, तसा मेंदूही यंत्राला कळेल अशा बेतानं हुकूम देऊ लागतो. शेतातून पायवाट पडते तशीच ही गोष्ट. पाय वाट पाडतात, मग वाट पायांना ओढते. अशा तऱ्हेनं वर्ष-दोन वर्षांत जो नकाशा तयार होतो, त्याला वाचापट म्हणत. नकाशा हरवला तर यंत्र नवं मिळेल. पण त्याच्याबरहुकूम वळलेल्या मेंदूला पुन्हा मुळाक्षरांपासून सुरुवात करावी लागेल.

मिरजेच्या वाचा केंद्रात तीन जिल्ह्यांतल्या शेकडो माणसांचे वाचापट होते, आणि ते राखणं हे पद्मजाचं काम. सगळे एका रिलेशनल डेटाबेसमध्ये, म्हणजे एकमेकांशी नात्यानं बांधलेल्या तक्त्यांमध्ये ठेवलेले. एका तक्त्यात माणसं, दुसऱ्यात चाहुली, तिसऱ्यात ध्वनी. अमकी चाहूल कोणाची आणि तिचा ध्वनी कोणता, हे फक्त ओळींना दिलेल्या ओळखक्रमांकांवरून कळायचं. ओळी सगळ्या जागेवर असल्या आणि क्रमांकांची गाठ तेवढी सुटली, तरी तो वाचापट कोणाचाच राहत नसे.

डेटाबेसची देखभाल एक स्वयंचलित प्रणाली करायची. सगळे तिला कारभारी म्हणत. कारभारी डिस्क बिघडली तर बदलायचा, तक्ते आवरायचा, आणि इथं उमटलेली प्रत्येक ओळ त्याच क्षणी दूरच्या दोन शहरांतल्या यंत्रांवरही उमटवायचा. एवढं असताना पद्मजा रोज दुपारी संगणकाचा काळा पडदा उघडून स्वतःच्या हातानं एक आज्ञा टाइप करी आणि सगळ्या डेटाबेसचा डंप, म्हणजे त्या क्षणाची अख्खी प्रत, काढी. तो जायचा जुन्या एक्स-रे खोलीतल्या एका वेगळ्या यंत्रावर, जिथं कारभाऱ्याला लिहायची मुभा नव्हती. पुढं दिवसभर डेटाबेसमध्ये जो जो बदल होईल, त्याचा लॉग, म्हणजे क्रमवार नोंदही तिथं साठत राही. मग ती तो डंप तिथंच नव्यानं उभा करून बघायची. "परत उभी राहते की नाही, हे माहीत नसलेली प्रत म्हणजे कुलूप न लागणारी तिजोरी," असं तिचं म्हणणं. केंद्रातले लोक याला 'पद्माताईंचं लोणचं' म्हणायचे. ती हसायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मुरवायला घालायची.

केंद्राच्या प्रमुख डॉ. नसीम मुजावर यांनी एकदा तिला विचारलं होतं, "अगं, तीन ठिकाणी प्रती असताना चौथी कशाला?"

"मॅडम, त्या प्रती नव्हेत, आरसे आहेत. मी तोंडाला काळं फासलं तर तिन्ही आरशांत काळंच दिसणार. मला कालचा फोटो हवा."

मुजावर मॅडमना ते पूर्ण पटलं नव्हतं. पण ही बाई मन लावून करते आहे तर करू दे, असं म्हणून त्यांनी एक्स-रे खोलीची किल्ली तिच्याकडेच ठेवली होती.

हाळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पद्मजा पोहे परतत होती. अण्णा टेबलाशी येऊन बसले. रोजच्यासारखं "पद्मा, चहा" म्हणायला गेले, आणि गळ्याच्या स्पीकरमधून आलं, "क्षिट् टं... मो."

अण्णा चमकले. पुन्हा प्रयत्न केला. या खेपेला ओला कपडा फाटावा तसा आवाज आला. त्यांचा धडधाकट हात टेबलाची कड घट्ट धरून होता. तिसऱ्यांदा ते मोठ्यानं बोलायला गेले, तसा पद्मजानं गॅस बंद केला आणि धावत येऊन त्यांच्या कानामागचं बटण दाबलं.

"अण्णा, बोलू नका. आतल्या आतसुद्धा शब्द म्हणू नका. माझ्यावर विश्वास ठेवा."

कानामागची डबी दिवसभरात शिकलेलं रोज रात्री कोठारात टाकते, पहाटे तिथून ताजा वाचापट घेते आणि जुना पुसते, हे तिला ठाऊक होतं. म्हणजे खोट डबीत नव्हती, कोठारात होती. ती चप्पल सरकवत होती तोच फोन वाजू लागला. कवठ्याहून, तासगावहून, जतहून. कोणाची मुलगी रडत होती, कोणाचा नवरा ओरडत होता. सगळ्यांचं एकच: घरचं माणूस बोलायला जातंय आणि भलतंच काहीतरी येतंय.

केंद्रात मुजावर मॅडम तिच्या आधी पोचल्या होत्या. पद्मजानं दोन-तीन आज्ञा देऊन तक्ते तपासले, आणि खुर्ची मागं सारली.

"कारभाऱ्यानं काल तिन्हीसांजेला आवराआवर सुरू केली," ती सावकाश म्हणाली. "जुने आणि नवे ओळखक्रमांक दोन पद्धतींचे होते. त्याला वाटलं, एकसारखे केले की नीट दिसतील. करताना एकाचा क्रमांक दुसऱ्याला गेला. ओळ एकही हरवलेली नाही, मॅडम. पण कुठली चाहूल कोणाची, ते कोणालाच सांगता येणार नाही."

"बाकीची दोन शहरं?"

"तिथंही हेच. त्यानं इमानेइतबारे तिथंही उमटवलंय."

मुजावर मॅडम मेंदूच्या डॉक्टर. त्यांना पुढचं लगेच दिसलं. दुसऱ्याच्या नकाशावर माणूस बोलायचा प्रयत्न करत राहिला, तर मेंदू त्या चुकीच्या नकाशाशी जुळवून घेऊ लागतो. पडलेली पायवाट मोडत जाते. त्यांनी तिथल्या तिथं निरोप ध्वनिमुद्रित केला आणि प्रत्येक घरी पाठवला. 'यंत्र बंद ठेवा. बोलायचा प्रयत्न करू नका. शक्य असेल तर केंद्रात या.' आणि तीन जिल्ह्यांतली ती सगळी माणसं एकाच सकाळी गप्प झाली.

"पद्मजा," त्या म्हणाल्या, "तुझं लोणचं आहे ना गं?"

"आहे. काल दुपारचं. वरचा लॉगही आहे."

"मग?"

"मग आणते की परत."

एक्स-रे खोलीत तिनं पडदा उघडला. त्या काळ्या चौकोनात ना चित्रं, ना बटणं. नुसता लुकलुकणारा ठिपका, काय करू असं विचारणारा. कारभाऱ्याला आधीच थांबवलं होतं. आता तिनं कोरा डेटाबेस बांधला आणि डंपची फाईल त्यात सोडली.

मुजावर मॅडम तिच्या खांद्यावरून पाहत होत्या. "यात नक्की असतं काय?"

"बघा ना. साधी अक्षरं आहेत." तिनं फाईलचा एक तुकडा उघडून दाखवला. "आपल्याला वाटतं, प्रत म्हणजे जसंच्या तसं उचललेलं गाठोडं. हे तसं नाही. ही कृती आहे. आधी असा तक्ता बांध, त्यात या ओळी घाल, मग ही ओळ त्या ओळीशी अशी बांध. उद्या हे यंत्र जळलं, तरी कुठल्याही यंत्राला ही कृती वाचून दाखवली की ते पुन्हा सगळं उभं करील. आणि ही काढताना कोणाचं बोलणं थांबवावं लागत नाही. डेटाबेसला सांगायचं, या क्षणी तू जसा आहेस तसा मला दाखव. मग बाहेर बदल होत राहिले तरी डंपात तोच एक क्षण येतो."

मॅडम खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसल्या.

फाईल चढत होती आणि बाहेरचा हॉल भरत होता. एवढी माणसं आणि एवढी शांतता पद्मजानं कधी अनुभवली नव्हती. तेवढ्यात तिचा नवरा महावीर अण्णांना घेऊन आला. अण्णांना बाकावर बसवून तो एक्स-रे खोलीच्या दारात आला.

"किती आणतीयेस परत?" त्यानं विचारलं.

"डंप काल दुपारचा. त्यावर लॉग चढवायचा. प्रत्येक बदल ज्या क्रमानं झाला त्या क्रमानं. आवराआवर सुरू व्हायच्या अगदी आधी थांबायचं."

"तिन्हीसांजेपर्यंतच?" महावीरचा चेहरा पडला. "अगं, अण्णांची हाळी त्यानंतरची. डबीनं कालचं शिकलेलं कोठारात टाकलं, तेव्हा अंधार पडला होता."

"माहीत आहे मला."

"मग त्यांच्या तेवढ्या ओळी काढ की शोधून. तुला येतं ते. तू आयुष्यभर हेच करतीयेस."

पद्मजानं पडद्यावरून नजर काढली नाही. तिला येत होतं, हेच तर कठीण होतं. त्यानंतरचे बदल एकेक वाचून अण्णांचे वेगळे काढता आले असते, कदाचित. पण ते कारभाऱ्याच्या आवराआवरीत मिसळलेले होते. एखादी ओळ अण्णांची म्हणून उचलावी आणि ती जतच्या कोणा बाईची निघावी, असं झालं तर?

"हॉलमध्ये बघा," ती म्हणाली. "काल दिवसभरात कोणी काय मिळवलं असेल, ते आपल्याला थोडंच ठाऊक आहे? एखाद्या आईला लेकराचं नाव पहिल्यांदा धड आलं असेल. त्यांच्या ओळी कोण शोधणार? आणि मी अण्णांच्या शोधत बसले, तर तोवर हे सगळे गप्प बसायचे का?"

"ते माझे वडील आहेत, पद्मा."

"माझेही आहेत."

महावीर मग बाहेर गेला आणि अण्णांशेजारी बाकावर बसला, खोलीकडं पाठ करून. पद्मजानं ते पाहिलं. तरी बोटं थांबली नाहीत. तिनं लॉग चढवायची आज्ञा लिहिली, कुठं थांबायचं ती जागा दोनदा वाचली, आवराआवरीची पहिली ओळ स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आणि तिच्या अलीकडं खूण घातली. मग एंटर दाबलं.

लॉग चढला. तिनं नाती तपासणाऱ्या आज्ञा दिल्या. एकही चाहूल पोरकी नाही, एकही ध्वनी दोन मालकांचा नाही. सगळ्या गाठी बसल्या होत्या.

"झालं?" मुजावर मॅडमनी विचारलं.

"यंत्राच्या बाजूनं झालं. पण खरी परीक्षा माणसाच्या गळ्यात. कोणीतरी पहिलं बोलून बघायला हवं."

मॅडमचा चेहरा गंभीर झाला. यात पद्मजाची काही चूक राहिली असली, तर पहिल्या माणसाच्या मेंदूवर पुन्हा एक चुकीचा घाव बसणार होता. त्या हॉलमध्ये गेल्या आणि जे होतं ते सगळ्यांना स्पष्ट सांगितलं. "जबरदस्ती कोणावर नाही," त्या म्हणाल्या.

हॉलमध्ये कोणी हललं नाही. त्यांना बोल कोण लावणार? आणि मग फाट्कन आवाज झाला.

अण्णा उभे राहिले होते. त्यांनी धडधाकट हातानं मांडीवर शड्डू ठोकला होता. महावीरनं त्यांचा दंड धरला, तर त्यांनी तो सोडवून घेतला आणि पुन्हा एकदा ठोकला. फाट्!

पद्मजानं त्यांना खोलीत आणून खुर्चीत बसवलं. त्यांच्या डबीत नवा वाचापट उतरवला. बटणावर बोट ठेवलं, आणि ती दाबता दाबता थांबली.

"अण्णा, मी थांबवलंय ते तिन्हीसांजेच्या आधी. तुमची हाळी यात नाही. मला आणता आली असती कदाचित. पण मी..."

अण्णांनी तिच्या बोटावर आपलं बोट ठेवलं आणि दाबलं.

आधी नुसती खरखर आली. महावीर दारात येऊन उभा राहिला होता. आणि मग, सपाट, एका पट्टीत, बातम्या वाचल्यासारख्या आवाजात अण्णा बोलू लागले.

"मंडळी. मैदानात उतरली आहे मगदुमांची सून. समोर गडी कोण, तर दिसत नाही. अंगाला माती नाही, लंगोट नाही. सुनेनं पट काढलेला आहे. गडी चितपट. पंच काय म्हणतात? महावीर मगदूम, तुम्ही काय म्हणता?"

महावीर आत आला, पद्मजाच्या खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला आणि होकारार्थी मान डोलावत राहिला. मुजावर मॅडम भिंतीकडं वळल्या होत्या. त्यांचा चष्मा हातात होता.

त्यानंतर एकेकाचा वाचापट उतरू लागला. दुपार कलेपर्यंत हॉलमध्ये इतका गलका माजला, की परिचारिकांना खुणांनी बोलावं लागलं. एक बाई नवऱ्याला पहिलं वाक्य म्हणाली, "दार ओढून आलात का नुसतं?" दोघं म्हातारे उसाच्या तोडीवरून कडाकडा भांडत होते. कोणी मोबाईलवर लेकीला उगाचच एक ते शंभर आकडे म्हणून दाखवत होतं. मुजावर मॅडम त्या गोंगाटातून पद्मजापाशी आल्या.

"उद्यापासून दुपारी मी तुझ्याशेजारी बसणार," त्या म्हणाल्या. "मला शिकव. तू रजेवर असलीस तर ही कृती कोणाला तरी यायला हवी. आणि अजून दोन खोल्यांच्या किल्ल्या देते तुला."

"मॅडम, एवढं काही अवघड नाही ते. एका ओळीची आज्ञा आहे."

"एका ओळीचीच आहे. पण रोज लिहिणारी माणसं मी फार पाहिली नाहीत."

घरी जाताना महावीरनं गाडी मुद्दाम कृष्णेकडून वळसा घालून घेतली होती आणि अण्णा पुढं बसले होते. पुलावर ऊन तिरकं आलं होतं. मागं पद्मजानं डोळे मिटले होते. तिला झोप लागली नव्हती, नुसतंच अंग सैल पडलं होतं.

"पद्मा," अण्णा म्हणाले.

"अं?"

"हाळी गेली म्हणून तुला वाईट वाटतंय व्हय?"

तिनं डोळे उघडले.

"अगं, डबीतनं गेली. टकुऱ्यात थोडी हायच की. एकदा ज्या वाटंनं गेलो, तिकडं पाय वळतोच." मग त्यांनी विचारलं, "आजची प्रत काढलीस का?"

"निघायच्या आधी काढली. उभी करूनही बघितली."

"झाक!" अण्णांनी खिडकीची काच खाली केली आणि छाती भरून श्वास घेतला. "मग आता मी चुकायला मोकळा."

पुलावरून जाणाऱ्या सायकलस्वारानं दचकून वळून पाहिलं. गाडीतून एक विचित्र, अर्धवट फाटलेला, मध्येच चढून मध्येच कोसळणारा आवाज येत होता. अण्णा खोकले, हसले आणि त्यांनी पुन्हा सुरुवात केली.